खेळायचं कुठं, हे ठरवायचं कुणी?

बुद्धिबळपटूला काही वर्षांपूर्वीपर्यंत महासंघाकडे नोंदणी करताना एक हमी द्यावी लागे. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघानं मान्यता न दिलेल्या स्पर्धेत मी खेळणार नाही, अशी ती हमी. नोंदणी करणारं पोरगं बहुतेक वेळा दहा-बारा वर्षांचं, सही बापाची, आणि अर्जावरचा बारीक मजकूर वाचायची आपल्याकडे रीत नाही. त्या ओळीचा अर्थ कळायचा तो बिनमान्यतेच्या स्पर्धेत खेळून आल्यावर. मग बंदी यायची आणि रेटिंगच्या यादीतलं नावही जायचं.

रेटिंग जाणं म्हणजे काय, हे अमरावतीला सांगायला नको. इथला स्वप्निल धोपाडे २०१५ मध्ये ग्रँडमास्टर झाला. त्या किताबाला तीन नॉर्म लागतात आणि रेटिंग २५०० पर्यंत न्यावं लागतं. दोन्ही कमवायचे ते जागतिक संघटनेच्या, म्हणजे फिडेच्या हिशेबात धरल्या जाणाऱ्या स्पर्धांमधूनच. त्या स्पर्धांचं भारतातलं दार महासंघाच्या ताब्यात. दार बंद झालं की पोरगा घरी कितीही चांगला खेळो, कागदावर तो खेळाडूच उरत नाही.

काही खेळाडू याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि तिथून प्रकरण भारतीय स्पर्धा आयोगाकडे आलं. हा आयोग खेळाच्या स्पर्धांचा नव्हे, बाजारातल्या स्पर्धेचा. सिमेंट कंपन्यांनी संगनमत केलं की दंड ठोकणारा तोच. ‘हेमंत शर्मा विरुद्ध अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ’ या प्रकरणात जुलै २०१८ मध्ये आयोगानं निकाल दिला की ही हमी म्हणजे महासंघानं आपल्या वर्चस्वाचा केलेला गैरवापर आहे, आणि ६ लाख ९२ हजारांच्या आसपास दंड केला. रक्कम किरकोळ आहे. पण खेळाडू आपलं कसब विकतो, महासंघ त्या कसबाच्या बाजारावर बसलेला असतो आणि म्हणून बाजाराचे कायदे त्यालाही लागू होतात, हे त्या निकालातून पुढे आलं. याआधी २०१३ मध्ये याच आयोगानं क्रिकेट मंडळाला ५२ कोटी २४ लाखांचा दंड केला होता. आयपीएलचे प्रक्षेपण हक्क विकताना दुसऱ्या कुठल्या लीगला मान्यता देणार नाही, असं आश्वासन मंडळानं विकत घेणाऱ्याला दिलं होतं, हा त्यातला आक्षेप.

वऱ्हाडातल्या माणसाला ही व्यवस्था ओळखीची वाटावी. १९७२ पासून पुढची जवळपास तीन दशकं आपल्याकडे कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. पिकवायचं शेतकऱ्यानं आणि घालायचं मात्र सरकारी यंत्रणेलाच. बाहेर भाव पडले की या योजनेचा आधार वाटे, आणि भाव चढले की त्याच शेतकऱ्याच्या गाड्या रात्री मध्य प्रदेशच्या हद्दीकडे निघत. शेतकऱ्याला योजना नको होती असं नाही. दुसरं गिऱ्हाईक आलं तर त्याच्याशी बोलायची मोकळीक त्याला हवी होती. खेळाडूंच्या तक्रारीही नीट ऐकल्या तर याहून फारशा वेगळ्या नसतात. महासंघ मोडा, असं त्यांच्यातला क्वचितच कुणी म्हणतो.

कबड्डीत हे भांडण कुठवर गेलं ते पाहण्यासारखं आहे, आणि त्याची सुरुवात अमरावतीतून करायला हरकत नाही. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये उभं केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्तानं आपलं पथक घेऊन जर्मनीत गेलं आणि तिथं कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. तेव्हा कबड्डीचा अखिल भारतीय महासंघ नव्हता, तो १९५० चा. खेळाचा मालक कुणीच नव्हता, नियमही गावोगाव थोडे वेगळे. एक आखाडा उठतो आणि परस्पर जगापुढे खेळ मांडून येतो, हे आज शक्य नाही. १९९० मध्ये कबड्डी बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पदकाचा खेळ झाली. पदक आलं की सरकारी मान्यता, नोकऱ्यांचा कोटा आणि निवड समिती हे सगळं मागोमाग येतं, आणि निवड समिती म्हटली की दाराशी कोण बसतो याला किंमत येते.

मग २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली. पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू होता राकेशकुमार, १२ लाख ८० हजार. चार वर्षांनी मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख मिळाले आणि आपल्या महाराष्ट्राच्या रिशांक देवाडिगाला १ कोटी ११ लाख. मातीतल्या खेळाला एवढा पैसा आल्यावर वाटेकरी वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. ज्यांना वाटा मिळाला नाही त्यांनी न्यू कबड्डी फेडरेशन ऑफ इंडिया काढलं. जुन्या महासंघातल्या घराणेशाहीविरुद्ध आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धांसाठीच्या निवडीत पैसे खाल्ल्याच्या आरोपांवरून माजी खेळाडू दिल्ली उच्च न्यायालयात गेले.

न्यायालयानं यावर जो तोडगा काढला तो न्यायाच्या इतिहासात एकमेव नसेल तरी दुर्मीळ नक्की आहे. आशियाई स्पर्धांसाठी संघ जकार्ताला निघालेला होता, त्याला अडवलं नाही. पण परत आल्यावर १५ सप्टेंबर २०१८ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये महासंघानं निवडलेला संघ आणि डावलले गेल्याचं म्हणणारे खेळाडू यांच्यात सामना घ्यावा, आणि एका निवृत्त न्यायमूर्तींनी तो पाहावा. म्हणजे कागदपत्रं राहू द्या बाजूला, मॅटवर या!

दरम्यान जकार्तात भारताचे पुरुष उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असे हरले. १९९० पासून सुवर्ण आपलंच असायचं, ते पहिल्यांदाच गेलं. महिलाही अंतिम सामन्यात इराणकडूनच हरल्या. १५ सप्टेंबरला डावललेले खेळाडू पुरुष-महिला दोन्ही गटांत हजर होते. जकार्ताहून आलेला संघ मात्र आलाच नाही.

त्या दिवशी न आलेल्या खेळाडूंना पळपुटे ठरवणारे लेख तेव्हा आले. मला तसं वाटत नाही. त्या संघातल्या रिशांक किंवा गिरीश एर्नाक यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. जिंकलो तर हातात काही नवं येत नाही, हरलो तर नाव जातं, आणि गेलोच तर ज्या महासंघाच्या मान्यतेवर आपली लीग, नोकरी आणि पुढची निवड उभी आहे त्याची खप्पामर्जी. भांडण दोन संघटनांचं, आणि गुडघ्याला दुखापत झालीच तर ती खेळाडूची. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यायालयानं जुन्या महासंघातली निवडणूक बेकायदा ठरवून प्रशासक नेमला, पण निवडीचा मूळ प्रश्न मॅटवर सुटायचा तो सुटलाच नाही.

पुढच्या वर्षी नव्या फेडरेशननं आपली वेगळी लीग काढली. १३ मे २०१९ ला पुण्यात बालेवाडीला ती सुरू झाली. आठ संघ, त्यात ‘पुणे प्राइड’ आणि ‘मुंबई चे राजे’. खेळाडूंना उत्पन्नात वाटा देण्याची भाषा तिथं पहिल्यांदा झाली आणि ती मला त्या लीगपेक्षा महत्त्वाची वाटते. लीगचा गाजावाजा मात्र लवकरच विरला.

अकोल्याची शासकीय क्रीडा प्रबोधिनी बॉक्सिंगसाठी ओळखली जाते, आणि बॉक्सिंगमध्ये तर हे भांडण थेट जगाच्या पातळीवर आहे. डिसेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं भारताचा महासंघ निलंबित केला आणि आपल्या बॉक्सरना काही काळ तिरंग्याऐवजी त्या संघटनेच्या झेंड्याखाली रिंगणात उतरावं लागलं. २०२३ मध्ये दिल्लीत याच संघटनेची महिलांची जागतिक स्पर्धा झाली तेव्हा अमेरिका, ब्रिटन यांच्यासह अनेक देशांनी बहिष्कार घातला. नव्यानं निघालेल्या ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ या पर्यायी संघटनेकडे भारत २०२४ मध्ये वळला. दिल्लीच्या त्या स्पर्धेत आपल्या मुलींनी चार सुवर्णपदकं जिंकली, पण कोण आलं नव्हतं याचीच चर्चा जास्त झाली.

आता मोबाइलवर या. कॉलेजच्या कट्ट्यावर चार डोकी एका दिशेनं आणि चारही माना खाली असतील तर तिथं बीजीएमआय हा मोबाइलवरचा खेळ चालू आहे असं समजावं. या पोट्ट्यांना कबड्डीचा महासंघ ठाऊक नसतो, पण संघ, करार, लीग, बंदी हे शब्द त्यांच्या तोंडी सर्रास असतात. ई-स्पोर्ट्समध्ये महासंघाच्या जागी तीन पक्ष असतात. संघाचा मालक, स्पर्धा भरवणारी कंपनी, आणि या दोघांच्याही वर खुद्द खेळ बनवणारी कंपनी.

पहिल्या दोघांतलं गाजलेलं भांडण अमेरिकेतलं. काउंटर-स्ट्राइक या खेळातल्या सात बड्या संघांच्या मालकांनी २०१६ मध्ये एकत्र येऊन पीईए नावाची संघटना काढली. स्वतःची लीग काढायची, नफ्यातला निम्मा वाटा खेळाडूंना द्यायचा, असा बेत. ऐकायला उत्तम. पण त्यासाठी खेळाडूंनी आधीपासून चालू असलेली ईएसएल प्रो लीग सोडावी, अशी मालकांची इच्छा होती. २१ डिसेंबर २०१६ रोजी पाच संघांतल्या २५ खेळाडूंनी जाहीर पत्र काढलं. कुठं खेळायचं ते तुम्हीच ठरवाल असं आम्हाला आधी सांगितलं होतं आणि आता तो हक्क आमचा नाही म्हणता, हा त्याचा आशय. सह्या करणाऱ्यांपैकी टीएसएम संघाच्या शॉन गारेसला मालकानं लगेच संघातून काढलं. आधी माझ्याशी बोलायला हवं होतं, हे मालकाचं म्हणणं. खेळाडू हलले नाहीत. जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी मतदान करून जुनी लीग निवडली आणि मालकांनी आपल्या लीगचा बेत गुंडाळला.

निम्मा नफा देऊ करणाऱ्याला नाही म्हणायला हे खेळाडू वेडे होते का? मला ते शहाणे वाटतात. लीगचा मालक आणि संघाचा मालक एकच झाला तर तक्रार घेऊन जायचं कुणाकडे? आणि २५ जणांनी मिळून नकार दिला म्हणून तो टिकला. एकट्या गारेसचं काय झालं ते वर आलंच आहे. कोरियात २०१२ मध्ये याच्या उलट घडलं. स्टारक्राफ्ट या खेळातल्या दोन गटांच्या संघांनी एकमेकांच्या स्पर्धांतून अंग काढून घेतलं, आणि तिथं खेळाडूला विचारलं कुणी?

पण या खेळांतला खरा धनी तिसराच. काउंटर-स्ट्राइक ज्यांचा आहे त्या वॉल्व्ह कंपनीनं २०२३ मध्ये जाहीर केलं की २०२५ पासून स्पर्धा भरवणाऱ्यांना ठरावीक संघांशी खास व्यावसायिक संबंध ठेवता येणार नाहीत, सर्वांना दार उघडं ठेवावं लागेल. इतकी वर्षं संघ आणि लीग ज्यावरून भांडत होते ते एका निवेदनानं मिटलं. हे आपल्या बाजूचं झालं म्हणून छान वाटतं. तीच कंपनी उद्या उलटही करू शकते. कबड्डीचे नियम कुणाच्या बापाचे नाहीत, दोन्ही फेडरेशनं बुडाली तरी सातच्या सात गडी शाळेच्या मैदानावर खेळतील. मोबाइलमधल्या खेळाचं सर्व्हर बंद झालं तर खेळच संपतो.

आपल्याकडे तो खरोखर बंद झालेला आहे, एकदा नाही, दोनदा. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलसह ११८ ॲपवर केंद्र सरकारनं बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीनं तोच खेळ बीजीएमआय नावानं आणला. २०२२ च्या जून-जुलैत त्याची स्पर्धा थेट टीव्हीच्या क्रीडा वाहिनीवर दिसली. ती संपून पंधरवडाही झाला नव्हता तोवर २८ जुलैला ॲप पुन्हा नाहीसं झालं, ते परतलं मे २०२३ मध्ये, तेही तीन महिन्यांच्या चाचणीच्या अटीवर. या दहा महिन्यांत संघ होते, खेळाडू होते, फक्त खेळ नव्हता. अशा वेळी पगाराचं काय, हे करारात लिहिलेलं असावं लागतं.

कायदा आता थोडा पुढे आला आहे. ऑगस्ट २०२५ मधल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं पैशांच्या जुगारी खेळांपासून ई-स्पोर्ट्सना वेगळं काढून खेळाचा दर्जा दिला. त्याच महिन्यातल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात महासंघांवर देखरेखीसाठी मंडळ आणि तंट्यांसाठी न्यायाधिकरण आहे. १५ सप्टेंबर २०१८ सारखा सामना लावायची वेळ न्यायालयावर पुन्हा येऊ नये, एवढी अपेक्षा त्यातून धरता येईल.

बाकी काम जुन्याच कायद्यावर आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कुणालाही त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खाननं याच कलमाचा आधार घेतला होता. त्याचं काम पाहणाऱ्या पर्सेप्ट डी-मार्क या कंपनीचा करार संपल्यावर दुसऱ्याकडे जाण्याआधी पहिली संधी आम्हाला दे, असं कंपनी म्हणत होती. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये झहीरच्या बाजूनं कौल दिला. मुदत संपली की पाय मोकळा. मुदतीच्या आत मात्र न्यायालयं असं बंधन सहसा मान्य करतात, आणि ई-स्पोर्ट्समधली ओढाताण नेमकी मुदतीच्या आतली असते. अठरा पुरे न झालेल्या मुलानं केलेला करार कायद्यानं करारच नसतो, १९०३ पासून हे ठरलेलं आहे. म्हणून सही आई-बापाची घेतात. अकोल्यात किंवा अमरावतीत असा कागद घरी आला तर मानधनाच्या आकड्याआधी तीन गोष्टी शोधाव्यात: मुदत किती, त्या मुदतीत दुसऱ्या स्पर्धेत खेळायचं की नाही ते कोण ठरवणार, आणि ॲप बंद पडलं तर पैसे चालू राहणार की नाही.