क्रिएटिनिनच्या आधी लघवी काय सांगते?

हृदयशस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशी क्रिएटिनिन नॉर्मल आलं की घरच्यांच्या जिवात जीव येतो. पण इतक्या लवकर त्यावर विसंबू नये. क्रिएटिनिन स्नायूंत तयार होतं आणि मूत्रपिंडं ते गाळून बाहेर टाकतात. गाळणं मंदावलं की ते रक्तात साठत जातं, पण आकडा चढेपर्यंत एक-दोन दिवस जातात. इजा मात्र कधीच होऊन गेलेली असते.

मूत्रपिंडातल्या दुखावलेल्या सूक्ष्म नलिका त्याआधीच लघवीत एनगॅल नावाचं प्रथिन सोडू लागतात. सिनसिनाटीतल्या डॉक्टरांनी हृदयशस्त्रक्रिया झालेल्या मुलांचा अभ्यास २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. ज्या मुलांना पुढे मूत्रपिंडाची इजा झाली, त्यांच्या लघवीत एनगॅल दोन तासांतच वाढलेलं होतं. क्रिएटिनिनने ते सांगायला १ ते ३ दिवस घेतले.

बायोसेन्सर या छोट्या तपासणी-यंत्राला हेच प्रथिन रुग्णाच्या खाटेशेजारी पकडायचं असतं. त्याचा एक प्रकार असा: छोट्या पट्टीवर सोन्याचा पातळ इलेक्ट्रोड, त्यावर एनगॅललाच धरणारी प्रतिपिंडं पक्की बसवलेली. मधल्या मोकळ्या जागा दुसऱ्या प्रथिनाने झाकतात, नाहीतर लघवीतलं काहीही तिथे चिकटेल. थेंब पडला की एनगॅल प्रतिपिंडांना बिलगतं, थर जाड होतो आणि विद्युतभार वाहून नेणाऱ्या रेणूंना इलेक्ट्रोडपर्यंत पोचणं अवघड जातं. हा वाढलेला अडथळा यंत्र मोजतं. अडथळा जितका जास्त, तितकं एनगॅल जास्त.

माझ्या मते खरी कसोटी पुढे आहे, कारण लघवी कधीच एकसारखी नसते. सलाईन चढलं की ती पातळ होते, शरीरातलं पाणी कमी झालं की घट्ट. क्षार आणि आम्लता तर तासातासाला बदलतात. पातळ-घट्टपणाचा फरक भरून काढायला एनगॅलचं लघवीतल्या क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढतात. पण मूत्रपिंड बिघडत असताना लघवीत उतरणारं क्रिएटिनिनही बदलतं, त्यामुळे हा आधारसुद्धा डळमळीत. शिवाय लघवीत जंतुसंसर्ग असेल तर पांढऱ्या पेशींमधूनही एनगॅल येतं. यासाठी त्याच पट्टीवर किम-१ या प्रथिनासारख्या दुसऱ्या खुणेसाठी वेगळा इलेक्ट्रोड ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं. किम-१ उशिरा वाढतं, पण ते नलिकांच्या पेशींवरूनच सुटून येतं.

झालेली इजा लगेच भरून काढणारं औषध आज नाही. तरीही लवकर कळलं तर मूत्रपिंडाला अपायकारक वेदनाशामकं थांबवता येतात, अमिकासिनसारख्या प्रतिजैविकाला पर्याय शोधता येतो, रक्तदाब सांभाळता येतो. घोणशीच्या विषानेही मूत्रपिंडाला इजा होते; ती चावलेला शेतमजूर तालुक्याच्या दवाखान्यात आला, तर त्याला डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात कधी हलवायचं, हेही वेळेत ठरवता येईल.