रान काळं आहे, पण किती खोल?

कृष्णाकाठची काळी, महाबळेश्वरची तांबडी, माण-जतचा माळ: सातारा-सांगलीत जमिनीची ओळख अशी दिसण्यावरून होते. मृदा सर्वेक्षण मात्र रंगावर थांबत नाही, आणि ते योग्यच आहे. सर्वेक्षक साधारण दीड मीटर किंवा मुरूम लागेपर्यंत खड्डा घेऊन थरांची जाडी, पोत, चुनखडी नोंदवतात. खोल काळ्या रानात खालची माती फुगून एकमेकांवर घासते आणि ढेकळांना तिरकस, चकचकीत बाजू येतात. या खुणा, उन्हाळ्यातल्या रुंद भेगा आणि किमान ३० टक्के चिकणमाती असेल, तर वर्ग ठरतो ‘व्हर्टिसोल’. वीतभर खाली मुरूम लागला, की तितकंच काळं दिसणारं रान त्यात बसत नाही.

कुणी म्हणेल, भारी-मध्यम-हलकी हे शेतकऱ्याला ठाऊकच आहे. खरंय, त्या नावांत खोलीचाच हिशेब आहे. पण वाळवा-मिरजेच्या ऊसपट्ट्यात जमिनी खारपड होतात त्या निचरा अडल्यानं; ‘भारी’ म्हटल्यानं ते कळत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेनं राज्यांची पाहणी १:२,५०,००० प्रमाणात केली, म्हणजे एक सेंटीमीटरला अडीच किलोमीटर. त्यात आपलं वावर कुठलं सापडायला! मृदा आरोग्य पत्रिकेचा नमुनाही सहसा वरच्या १५ सेंटीमीटरचाच. तेव्हा विहीर किंवा शेततळं खणाल, तेव्हा टेप लावून कडेचे थर मोजा आणि फोटो जपून ठेवा.