‘प्राव’ अ‍ॅप काय आहे? त्याची मालकी कोणाची असेल?

स्वारगेटहून एअरटेलवरून जिओच्या नंबरला फोन केला, तर लागतो. मग व्हॉट्सअ‍ॅपवरून सिग्नलवर मेसेज का जात नाही? कारण या दोन अ‍ॅप्सचे सर्व्हर एकमेकांशी जोडलेले नाहीत.

‘प्राव’ (मल्याळममध्ये कबूतर) हे भारतीय ओपन सोर्स अ‍ॅप ‘क्विक्सी’च्या कोडवर बेतलेलं आहे. ते एक्सएमपीपी हा खुला प्रोटोकॉल वापरतं. त्यामुळे ईमेलसारखाच प्राववरून एक्सएमपीपीच्या इतर अ‍ॅप्सवरही मेसेज जातो.

प्रावची संकल्पना बहुराज्यीय सहकारी संस्थेची आहे, म्हणजे एक सभासद, एक मत. मात्र कायद्यानुसार नोंदणीच्या अर्जावर संबंधित प्रत्येक राज्यातल्या किमान 50 जणांच्या सह्या लागतात. म्हणून नुसता कोड लिहून भागत नाही, माणसंही जमवावी लागतात.