स्पिटफायरनंतर काय?

प्लॅस्टिकची मॉडेल विमानं जोडणाऱ्या कुणालाही विचारा, पहिलं कुठलं केलंत? बहुतेकदा उत्तर येतं, स्पिटफायर. ब्रिटनच्या आकाशातल्या १९४० च्या लढाईचं वलय त्यामागे आहेच, पण एअरफिक्स या कंपनीची व्यापारी अक्कलही आहे. निकोलस कोव्ह या हंगेरीतून आलेल्या निर्वासिताने १९३९ मध्ये लंडनला ही कंपनी काढली, तीही हवा भरायच्या रबरी खेळण्यांसाठी. व्यापारी सूचीत आपण वरच दिसावं म्हणून त्याने ‘ए’वरून नाव घेतलं म्हणतात. विमानाशी त्या नावाचा सुतराम संबंध नव्हता. युद्धानंतर कंपनी कंगवे करू लागली, मग फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांना दाखवायला छोटे ट्रॅक्टर. १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ या गलबताचे सुटे भाग पिशवीत भरून वूलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांना विकले गेले. ते खपलं, आणि मग स्पिटफायर आलं.

त्याचं एकास बहात्तर हे प्रमाण त्याआधीच रुळलेलं होतं. सहा फुटांचा माणूस एक इंच, इतका सरळ हिशेब. खऱ्या स्पिटफायरचे पंख टोकापासून टोकापर्यंत सव्वाअकरा मीटर, म्हणजे मॉडेलचे साधारण साडेपंधरा सेंटीमीटर. तळहातावर मावतं, भाग थोडे, वरून हिरवा-तपकिरी रंग. जोडणीतली थोडीफार खोट त्या पट्ट्यांत झाकून जाते. नवशिक्याला याहून सोयीचं विमान नाही.

पंचाईत पुढे होते. हात बसला की माणूस दुसरं स्पिटफायर घेतो, मग तिसरं. मार्क एक, मार्क पाच, मार्क नऊ. कपाट भरतं आणि एखाद्या मिग-२१ चा किंवा दुपंखी विमानाचा डबा न उघडता वर्षानुवर्षं माळ्यावर राहतो. ‘ते आपल्याला जमायचं नाही’ हे वाक्य मी या छंदातल्या चांगल्या कसलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलेलं आहे. माझं मत विचाराल तर मिग काही स्पिटफायरहून अवघड नाही. ते अनोळखी आहे, एवढंच.

मिग-२१ चाच डबा उघडून बघू. भाग ज्या प्लॅस्टिकच्या सांगाड्याला जोडलेले येतात त्यावरून कापायचे, कडा घासायच्या, गोंद न लावता आधी जुळवून बघायचे, हे सगळं तेच. पॉलिस्टायरीनचा गोंदही तोच. तो खरं तर चिकटवत नाही. दोन्ही कडांचं प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करतो, म्हणून सांधा दाबून धरला की कडेला वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक रेघ वर येते. ती पुसायची नाही. पूर्ण वाळू द्यायची आणि मग घासून काढायची. हे स्पिटफायरवर शिकलेलं इथे जसंच्या तसं उपयोगी पडतं.

मग नवीन काय? मोजून तीन गोष्टी. पहिली म्हणजे तोल. स्पिटफायर शेपटीच्या चाकावर टेकतं, मिगला नाकाखाली चाक आहे. नाकात वजन नसेल तर तयार मॉडेल शेपटीवर बसतं. त्यासाठी हवा घेणाऱ्या तोंडातल्या शंकूत गळाला लावायचं शिसं आधीच भरायचं, कारण धड बंद झाल्यावर आत जायला वाट नाही. दुसरी, आकार. पंख जेमतेम दहा सेंटीमीटर आणि धड त्याच्या दुपटीच्या आसपास. सगळं लक्ष त्या गोल नळकांड्यावर जातं, आणि पाठीवरून जाणारा सांधा थेट डोळ्यांत भरतो. तिसरी आणि खरी कसोटी म्हणजे न रंगवलेला चंदेरी पत्रा.

हिरव्या-तपकिरीत खपून जाणारा ओरखडा चंदेरीत ओरडून आपलं अस्तित्व सांगतो. म्हणून ४०० नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरू करून ८००, १५००, २००० असं पाण्यात घासत जायचं. दर टप्प्याला सांध्यावरून नख फिरवायचं. नख अडलं तर डोळ्याला काहीही वाटो, पुट्टी पुन्हा लावायची. मग तुकतुकीत काळ्या रंगाचा थर, तो पक्का वाळल्यावर धातूचा रंग, तोही अगदी पातळ. चंदेरीची झळाळी त्या खालच्या काळ्यावर अवलंबून असते. आणि मुंबई-कोकणात असाल तर पावसाळ्यात लॅकर फवारण्याच्या फंदात पडू नका, दमट हवेत त्यावर पांढरट धुरकटपणा येतो.

तीनच गोष्टी, पण त्याही पहिल्यांदाच एका डब्यात हाताळल्या तर हातून काही धड होत नाही. आधी नाकात वजन लागणारं, पण रंगवलेलं विमान करावं. नॅट हे छोटं जेट उत्तम. चंदेरीचा सराव एखाद्या फुकट गेलेल्या पंखावर करावा. दुपंखी विमानाचंही असंच आहे. दोरखंडांच्या जंजाळाला लोक घाबरतात, पण टायगर मॉथच्या ताणतारा अगदी मोजक्या असतात. सांगाड्याचा तुकडा मेणबत्तीवर धरून ओढला की केसाएवढी तार घरीच मिळते.

हल्लीच्या किटांनीही भीती पुष्कळ कमी केली आहे. जपानच्या शिझुओका प्रांतातल्या तामिया आणि हासेगावा या कंपन्यांनी भाग चपखल बसण्याची सवय लावली. चेक प्रजासत्ताकातल्या एदुआर्दचा एकास अठ्ठेचाळीसमधला मिग-२१ बघितला तर पत्र्यावरचे रिव्हेट मोजता येतात. तरीही चांगलं किट म्हणजे चांगलं मॉडेल नव्हे. एकास बहात्तरमध्ये पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर जाड राहिली तर खऱ्या विमानावर ती छत्तीस मिलिमीटर होते, आणि ती घासायला कुठलीही कंपनी येत नाही.

खरा अडथळा माहितीचा असतो. स्पिटफायरवर पुस्तकांची कपाटं आहेत, आपल्या विमानांवर फार थोडं. हवाई दलाच्या मिग-२१ एफएलच्या पोटात मूळची तोफ नव्हती, ती वेगळ्या कवचात खाली टांगत. १९७१ च्या युद्धात यातल्या काही विमानांवर घाईघाईने हिरवे-मातकट पट्टे मारले गेले, आणि ते सगळे एकसारखे नव्हते. परदेशी किटात याचा पत्ता नसतो. अनेकदा केशरी-पांढऱ्या-हिरव्या चकत्यांच्या डिकॅल, म्हणजे चिकटवायच्या खुणाही वेगळ्या मागवाव्या लागतात. अशा वेळी एक स्पष्ट फोटो दहा नकाशांना भारी पडतो. फोटोतल्या क्रमांकाचं एकच विमान निवडायचं आणि तेवढंच करायचं. ‘मिग-२१’ करायला गेलं की माणूस गोंधळतो.

हे फोटो महाराष्ट्रातही असणार. या विमानांचे सांगाडे नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झाले. इंजिनं कोरापुटची, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादचं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. ओझरला किंवा हवाई दलात नोकरी केलेलं कुणी तुमच्या घरात असेल आणि अल्बममध्ये विमानासमोर उभं राहून काढलेला एखादा फोटो असेल, तर तो टाकून देऊ नका. मागे साल, ठिकाण आणि शेपटीवरचा क्रमांक लिहून ठेवा. रंग आठवत असेल तर तोही.