नौकेचे अडलेले सुकाणू

समुद्रावर नौकेचे यंत्र बंद पडले तर नौका थांबते. सुकाणू अडले तर मात्र ती चालतच राहते, आणि खरा धोका त्यातच असतो. खाडीच्या मुखाशी लाटा फुटत आहेत, एका बाजूस खडक आहे, समोरून दुसरी होडी येत आहे, अशा वेळी चाक फिरवावयास दोन्ही हातांचे बळ लागले, तर नौका वळेपर्यंत वळण्याची वेळ टळून गेलेली असते. म्हणून जुन्या मोटारबोटीचे सुकाणू जड झाल्यावर त्याची सवय करून घेणे हा शहाणपणा नव्हे.

लहान मोटारबोटींत पुष्कळदा यंत्र नौकेच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगलेले असते. ओले एव्हिनरूड याने १९०९ साली अशी यंत्रे बाजारात आणली आणि पुढे ती जगभर पसरली. अशा यंत्राला निराळे सुकाणू नसते. पंख्यासह सबंध यंत्रच उभ्या खुंट्याभोवती डावीउजवीकडे फिरते. मोठ्या यंत्राला ही गती चाकावरून दिली जाते. चाक फिरले की केबलच्या वेष्टनातील तार पुढेमागे सरकते. तिच्या टोकाचा दांडा यंत्राच्या बैठकीतील आडव्या नळीतून जातो आणि एका जोडदांड्याने यंत्राला ढकलतो अथवा ओढतो.

तेव्हा अडथळ्याच्या जागा मुख्यतः तीन : केबल, आडवी नळी आणि उभा खुंटा. खारे पाणी या सर्वांचाच शत्रू. पाणी वाळते, मीठ मागे राहते, जुने वंगण घट्ट होऊन मेणासारखे चिकटते, आणि पोलाद व ॲल्युमिनियम यांचा खाऱ्या पाण्यात संयोग झाला की धातू झिजू लागतो. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात नौका शाकारून ठेवतात. त्या विश्रांतीच्या महिन्यांत हालचाल नसल्यामुळे हा थर पक्का बसतो.

दोष कोठे आहे हे ओळखण्याची रीत अगदी सोपी आहे. यंत्र बंद असताना जोडदांडा सोडवावा आणि यंत्र हाताने दोन्ही बाजूंस फिरवून पाहावे. यंत्र सहज फिरले, पण चाक जडच राहिले, तर दोष केबलमध्ये, नळीत किंवा चाकामागील दंतचक्रांत आहे. उलट चाक मोकळे झाले आणि यंत्रच हलेना, तर उभा खुंटा वंगणावाचून कोरडा पडला आहे, असे समजावे.

खुंट्याचा उपाय सोपा. ग्रीसच्या पिचकारीने त्याच्या तोंडांतून सागरी उपयोगाचे ग्रीस भरीत यंत्र दोन्ही बाजूंस हलवावे. आधी काळपट जुने वंगण बाहेर येते. नवे ग्रीस दिसू लागले की थांबावे.

नळीला अधिक धीर लागतो. गंज सोडविणारे तेल टाकून ती रात्रभर तशीच ठेवावी, मग केबलचा मोठा नट सोडून दांडा बाहेर काढावा. ठोकावेच लागले, तर मध्ये लाकडाचा ठोकळा धरावा; नाही तर दांड्याचे आटे बिघडतात. जवळच पेट्रोलची टाकी असल्याने तेथे ज्योत वापरणे धोक्याचे. नळी गोल ब्रशाने आतून घासून पुसावी आणि दांड्यास ग्रीस लावून तो पुन्हा बसवावा. नळीला ग्रीस भरण्याचे तोंड असेल, तर ग्रीस भरण्यापूर्वी चाक फिरवून दांडा पूर्णपणे नळीत घ्यावा. तो बाहेर असताना ग्रीस भरले, तर रिकामी जागा ग्रीसने व्यापते, दांड्याला परतावयास वाट उरत नाही, आणि जे मोकळे करावयाचे तेच जागच्या जागी जखडते.

केबलच आतून गंजली असेल, तर मात्र डागडुजीचा मोह टाळावा. बंद वेष्टनात वंगण सर्वत्र पोहोचत नाही. तेलाने ती चार दिवस मोकळी वाटेल, पण गंजलेली तार तुटेल ती भर लाटांतच. तितक्याच लांबीची नवी केबल घालणे हेच खरे. जोडदांड्याच्या आपोआप घट्ट बसणाऱ्या नटांऐवजी जुने, सैल नट लावण्याची काटकसरही करू नये.

कधी सारे मोकळे असूनही वेगात चाक एकाच बाजूस ओढते. हा गंजाचा दोष नव्हे. पंख्याच्या फिरण्याचा तो परिणाम होय. पंख्याच्या वरच्या बाजूस एक लहान पाते असते. नौका डावीकडे ओढत असेल, तर मागून पाहता त्या पात्याचे मागचे टोक किंचित डावीकडे वळवावे. उजवीकडे ओढत असेल, तर उजवीकडे.

दुरुस्तीनंतर चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत किनाऱ्यावरच फिरवून पाहावे, मग शांत पाण्यात मंद गतीने चाचणी घ्यावी. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून नौका लोटावयाच्या, त्यापूर्वी एक सकाळ या कामी घालविली, तर ती वाया जात नाही. दर्याच्या मनात काय आहे ते कोणास कळत नाही. चाक हाताला कितपत वश आहे, हे मात्र किनाऱ्यावर उभे राहूनच कळते.