कीड मरावी, गाव नव्हे

केरळातील कासरगोडच्या काजूबागांवर हेलिकॉप्टरमधून दोन दशकांहून अधिक काळ, २००० सालापर्यंत, एंडोसल्फान फवारले गेले. कीड झाडावर होती. विष मात्र अंगणांत आणि विहिरींत उतरले. त्याची व्यथा तेथील कुटुंबे अद्याप भोगीत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये या विषावर बंदी घातली. परंतु केवळ विष बदलून भागणार नाही, ते देण्याची रीतच बदलली पाहिजे. उपाय किडीच्याच दाराशी पोचावा. माडाच्या कोवळ्या झावळ्यांच्या बेचक्यांत वाळूसह निंबोळी पेंड घातली, की गेंड्या भुंगा दूर राहतो. सापळ्यातील पुडीतून हळूहळू सुटणारा गंध त्यास ओढून घेतो. वाऱ्यावर काहीच उधळावे लागत नाही. माड आणि काजूवर जगणाऱ्या गोमंतकाने कासरगोडचा हा धडा विसरू नये, असे आम्हांस वाटते.