गिऱ्हाईक "ए, शुक शुक!" करतं, तेव्हा मालक काय करतो?

व्हिडिओत हा मुद्दा घाईत उरकला, म्हणून इथे नीट सांगतो.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीला छोटं हॉटेल टाकायचं म्हटलं की आपण डिपॉझिट, लायसन्स, मेन्यू सगळं कागदावर मांडतो. टेबलावर वाजलं तर कोण काय बोलणार, हे मात्र कुणी ठरवत नाही.

रविवार, रात्रीचे साडेनऊ. दारात वेटिंग. एक साहेब "ए, शुक शुक!" करतायत आणि वेटर ऐकूनही वळत नाही. उद्धट कोण? माझं मत विचाराल तर आधी मालक. काउंटरवरून तोच त्या पोराला "ए बारक्या" म्हणतो, गिऱ्हाईक ते ऐकतं आणि तसंच बोलतं. म्हणून शर्टावर नावाची पट्टी लावा आणि स्वतः "संतोष, पाच नंबरला पाणी" अशी हाक मारा. चूक झाली तर गिऱ्हाइकासमोर झापू नका, आत नेऊन बोला.

दुसरं भांडण बिलाचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय, की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, नाव बदलूनही नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. तरी लावलात, तर शिव्या खाणार वेटर, तुम्ही नाही! टीप ज्याच्या-त्याच्या खुशीची. तिचा डबा एकच ठेवा आणि भांडी घासणाऱ्या मावशींनाही त्यातला वाटा द्या.

आता नाजूक गोष्ट. गिऱ्हाईक देव वगैरे ठीक आहे, पण देवाने वेट्रेसचा हात धरला तर? कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा स्पष्ट आहे: कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षितता देणं मालकाचं काम. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच. कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. "जाऊ दे, रोजचं गिऱ्हाईक आहे" असं तिला सांगू नका. बिल बुडालं तरी चालेल.

एक वाक्य पाठ करा: "साहेब, मी मालक. आता माझ्याशी बोला." तेवढ्यात कर्मचाऱ्याने मागे व्हायचं. दुकान उघडायच्या आधी दोन-तीनदा सगळ्यांसमोर हे करून बघा. तुम्ही बाहेर असताना काउंटरवरून हे वाक्य कोण बोलणार, तेही तेव्हाच ठरवा.